बडाखाना वास्ते दो बोरी

खडकीची पोस्टिंग मिळाली तेव्हा माझ्या नोकरीची शेवटची पाच वर्षं उरली होती. हुद्दा हवालदार, काम लंगर कमांडरचं. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. लंगर कमांडर म्हणजे तिथल्या पातेल्यापासून मिठापर्यंत सगळ्याचा जाब ज्याला विचारतात तो माणूस. आमच्या सोसायटीच्या गणपतीत गेल्या वर्षी मला सैनिकी आठवणी सांगायला बोलावलं होतं. सेक्रेटरी आधीच म्हणाले, "जरा थरारक सांगा हं." मी भाजीची आठवण सांगितली. ते म्हणाले, "छान. पण तुम्ही सीमेवर कधी होतात की नाही?" मी म्हणालो, "होतो. तिथंही लोक जेवतातच." यंदा त्यांनी मला बोलावलेलं नाही, म्हणून तीच आठवण इथे लिहितो.

लंगरचा दिवस साधा असतो. ०४३० वाजता भट्टी पेटते, ०५३० ला चहा, ०८०० ला पुरी-भाजी, १३०० ला जेवण, १६०० ला पुन्हा चहा, १९३० ला रात्रीचं जेवण. युद्ध असो, पाऊस असो, सीओ साहेबांची, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरची, इन्स्पेक्शन असो, या वेळा हलत नाहीत. मी मूळचा कसबा पेठेतला. वेळेवर जेवण आणि जेवणावर टीका या दोन्ही गोष्टी मला घरूनच मिळाल्या होत्या, त्यामुळे हे काम मला मानवलं.

आमच्या युनिटचा रेझिंग डे, म्हणजे स्थापनेचा दिवस, ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवशी बडाखाना असतो. अफसर, जेसीओ म्हणजे सुभेदार मंडळी, आणि जवान एका मांडवात, एकाच पातेल्यातलं जेवतात. मटण असतं, पुलाव असतो, गुलाबजाम असतात. आणि आमच्याकडे एक पदार्थ असा होता जो दुसऱ्या कुठल्याच युनिटच्या बडाखान्यात नसेल. बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. तिला आम्ही सगळे वास्ते म्हणायचो. पंजाबचा जवान असो की तामिळनाडूचा, शब्द एकच, वास्ते.

हा शब्द आणि ही भाजी आणली लान्स नायक प्रकाश रामटेके यानं. गडचिरोलीकडचा, जंगलाला लागून असलेल्या गावचा. खडकीला यायच्या आधी आमचं युनिट पूर्वेच्या सीमेवर रस्ता बांधत होतं. प्रकाश डोझर चालवायचा. बोलायला कमी, हसायला जास्त. एका पावसाळ्यात मागे दरड आली आणि आमचा कॅम्प नऊ दिवस तुटला. ढग एवढे की हेलिकॉप्टर येईना. कोरडं राशन भरपूर होतं, पण हिरवं पान नव्हतं. पाचव्या दिवशी लोक डाळीकडे बघून तोंड फिरवायला लागले. तोंडं आली होती, पोटं बिघडली होती, आणि सगळ्यांचा राग अर्थातच लंगरवर होता.

डोझरचं डिझेल संपलं होतं, म्हणून प्रकाश मोकळा होता. दुपारी तो जंगलात गेला आणि दोन तासांनी रेनकोटाची झोळी करून परत आला. झोळीत जाड, टोकदार, केसाळ असं काहीतरी होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"वास्ते. बांबूचे कोंब. आमच्याकडं भाजी करतात."

"प्रकाश, आमच्याकडे बांबूचा मांडव घालतात."

तो हसला. वाटेत त्याला एका पडलेल्या खोडावर पांढरीशुभ्र अळंबीही दिसली होती. ती त्यानं आणली नव्हती. "ती आपल्या जंगलातली नाही, उस्ताद. ओळख नाही तर हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला. तेव्हा मला कळलं की हा माणूस जंगलात फिरत नाही, जंगल वाचतो.

अडचण एकच होती. त्यानं वास्ते आयुष्यभर खाल्ले होते, शिजवले कधीच नव्हते. आईचा लाडका. त्या काळात प्रत्येक जवानाला आठवड्यातून पाच मिनिटं घरी फोन मिळायचा. लोक त्या पाच मिनिटांसाठी सहा दिवस मनात वाक्यं जुळवायचे. प्रकाशनं त्याची पाचही मिनिटं भाजीत घालवली. "किती उकळायचे? पाणी टाकून द्यायचं? बरं. मग? मग?" आम्ही रांगेत उभे राहून ऐकत होतो आणि हसत होतो.

संध्याकाळी त्यानं भाजी केली. आम्ही बासष्ट जण होतो. पातेलं पुसून निघालं. पुढचे चार दिवस रोज एक पार्टी त्याच्याबरोबर जंगलात जायची आणि रोज वास्ते व्हायचे. नववा दिवस रेझिंग डेचा होता. तो बडाखाना आम्ही पातळ चहा, पोळी आणि वास्ते यांवर साजरा केला, आणि माझ्या पूर्ण नोकरीत इतका आनंदाचा बडाखाना मी पाहिला नाही. त्या दिवशी सीओ साहेबांनी सांगितलं की यापुढे दर वर्षी हा पदार्थ होईल.

पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर पुन्हा दरड आली. प्रकाशनं दोन जणांना बाहेर काढलं आणि तिसऱ्यासाठी परत गेला. तिसराही वाचला. प्रकाश दरडीखालीच राहिला. यापुढे मला अजूनही नीट लिहिता येत नाही, म्हणून पुन्हा भाजीकडे वळतो.

युनिट खडकीला आलं तरी वास्ते चुकले नाहीत. मुळशीकडच्या डोंगरात आमचा ट्रेनिंग कॅम्प असायचा. रेझिंग डेच्या आदल्या दिवशी मी स्वतः तिकडे जायचो, जंगलातून कोंब काढायचो आणि सकाळी गाडीत घालून आणायचो. मी सांगतोय ती गोष्ट झाली त्या वर्षी मात्र मला जाता आलं नाही. कारण त्या वर्षी प्रकाशची आई येणार होती.

कौसल्याबाईंना युनिट दर वर्षी बोलवायचं. दर वर्षी त्यांचा निरोप यायचा, "रोवणी चालू आहे." त्यांच्याकडे धान लावायचे दिवस नेमके तेच. त्या वर्षी त्यांनी येते म्हणून कळवलं. त्यांना स्टेशनवरून आणायचं आणि दिवसभर त्यांच्याबरोबर राहायचं, ही जबाबदारी सुभेदार मेजर साहेबांनी माझ्यावर टाकली. म्हणून कोंबांचा निरोप मी रेडिओवर दिला. कॅम्पवर मोबाइलला रेंज नव्हती. आदल्या दिवशी १७०० वाजता मी सेट घेतला. पलीकडे नवा ऑपरेटर होता, राजस्थानचा लान्स नायक सुरेंद्र.

"लिखो. बडाखाना. वास्ते, दो बोरी. सुबह की गाड़ी से. ओव्हर."

"बडाखाना वास्ते दो बोरी. सुबह की गाड़ी से. ओव्हर."

"सही. आउट."

त्यानं अक्षर न् अक्षर परत म्हणून दाखवलं. मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी ०६४० ला नागपूरकडची गाडी आली. पुतण्यानं त्यांना तिकडे बसवून दिलं होतं, इथवर त्या एकट्याच आल्या. लहानखुरी बाई, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. मी सॅल्यूट केला. त्यांनी हात जोडून "जय भीम" केलं. मीही "जय भीम, आई" म्हणालो. मग त्यांनी माझ्या युनिफॉर्मकडे नीट पाहिलं.

"तुमी त्याच्यासंगं होते का, बाबू?"

"होतो, आई. तो मला उस्ताद म्हणायचा."

जिप्सीत बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग एकदम म्हणाल्या, "एक इचारू का? खरं सांगसान?"

"विचारा की."

"तो फोनवर सांगे, आई, माझ्या हातचे वास्ते साहेबलोक मागून मागून खातेत. आता दर सालाले बनवनार म्हने."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आता नोका सांगू. तालुक्याच्या होस्टेलात होता ना, तेव्हा मी डब्यात वास्ते देत होती. पोट्टे त्याले जंगली म्हनत. तो डबा लपवून खाये, अन् घरी येऊन मले सांगे, आई, सगळ्यायनं आवडीनं खाल्ला. मले वाईट वाटू नये म्हनून. तर मले वाटते, इथंबी तसंच असन. लाजतच रायला असन अन् मले गोड सांगतला असन." गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आता गुडघे गेले माझे. पुन्हा येनं होनार नाई. म्हनून मनलं, एकदा डोर्‍यानं पाहून येतो."

मी म्हणालो, "आज १३०० वाजता, म्हणजे दुपारी एकला, स्वतःच बघा, आई." आणि मनात म्हणालो, एकदा आमचं पातेलं बघाच. मला फार आनंद झाला होता. एवढा मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर माझ्याच लंगरमध्ये शिजणार होतं.

०९१० ला कॅम्पची गाडी आली. सुरेंद्र खाली उतरला, सॅल्यूट ठोकला आणि दोन्ही हातांनी काहीतरी माझ्यापुढे धरलं. दोन गोण्या होत्या. रिकाम्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या.

"हे काय?"

"दो बोरी, उस्ताद. बडाखाना वास्ते."

"आणि वास्ते?"

"जी, बडाखाना वास्ते."

मी एक गोणी उलटी करून झटकली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत वास्ते म्हणजे साठी. मी म्हणालो होतो, बडाखाना, वास्ते, दोन गोण्या. त्यानं ऐकलं, बडाखान्यासाठी दोन गोण्या. त्यानं वाचून दाखवलं तेही बरोबर, मी "सही" म्हणालो तेही बरोबर. चुकलं कुणाचंच नव्हतं आणि कोंब मात्र मुळशीच्या डोंगरात होते. तिकडे जाऊन परत यायला पाच तास लागले असते.

"बारिश में सूखती नहीं थी, उस्ताद. रात को चूल्हे के पास रखी," सुरेंद्र म्हणाला. दोन मुलांचा बाप, पण चेहरा असा झाला होता की मला रागावताही येईना.

सुभेदार मेजर साहेबांना रिपोर्ट दिला. ते म्हणाले, "पनीर कर." मी त्यांना जिप्सीतलं बोलणं सांगितलं. ते मिशीवरून हात फिरवत उभे राहिले.

"आईंना सांगितलं की आज नेमकं नाही, तर?"

"साहेब, आज नेमकं नाही, हेच तर ऐकायला लागेल असं त्यांना वाटतंय. सात वर्षं प्रत्येक रेझिंग डेला वास्ते झाले आणि आई आली त्या दिवशी पनीर. कोण विश्वास ठेवेल? मीसुद्धा ठेवणार नाही."

"किती वाजेपर्यंत मिळायला हवेत?"

कोंब कच्चे खाता येत नाहीत. कडू असतात आणि विषारीही. पातळ चिरून, दोनदा उकळून, दोन्ही वेळा पाणी फेकून द्यावं लागतं. त्यात तडजोड नाही. मी हिशोब केला. "११०० पर्यंत, साहेब."

"आईंबरोबर मी बसतो. जिप्सी घे. रेडिओ सेट घे. आणि याला घे," ते सुरेंद्रकडे बोट दाखवून म्हणाले.

०९४५ ला आम्ही मंडईत होतो. पावसाळ्यात तिथं रानभाज्या येतात. करटुली होती, टाकळा होता, कुड्याच्या शेंगा होत्या. कोंब कुठेच नव्हते. एका कोपऱ्यात अळूच्या गड्ड्या बांधत बसलेल्या आजींना विचारलं.

"आजी, बांबू मिळेल का? खायचा."

त्यांनी मान वर केली. मला, माझ्या युनिफॉर्मला आणि मागे गोण्या घेऊन उभ्या असलेल्या सुरेंद्रला पाहिलं.

"चाळीस वर्षं इथं बसतेय. बांबू विकत मागणारे तुम्ही पहिलेच. बाकीच्यांना तो न मागताच मिळतो."

मी पुण्याचा असल्यामुळे मला हे लागलं नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं. "मिळेल का तेवढं सांगा ना."

"बुरूड आळीत जा. बांबू म्हणजे ती माणसं. इथं गर्दी करू नका."

१००० वाजता बुरूड आळी. एक वयस्कर बुरूड दारात बसून टोपलीचा काठ वळत होते. मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"इथं येतो तो वाळलेला. कोंब कुठला त्यात. तुम्ही कुठले?"

"खडकी. मिलिटरी."

"मग इथं कशाला आलात? तुमच्याच हद्दीत, नदीच्या अंगाला, चांगली तीन बेटं आहेत बांबूची. माझ्या आजोबांपासून बघतोय."

"कुठं?"

"तारेच्या आत. आम्हाला जाऊ देत नाही तुम्ही. पाटी मात्र सुरेख रंगवलीय."

ती जागा मला माहीत होती. फायरिंग रेंजच्या डाव्या हाताला, नाल्यापलीकडे. सकाळ-संध्याकाळ तिथून जायचो आणि ती बेटं मला कधी दिसलीच नव्हती. वास्ते म्हणजे मुळशी, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रकाश असता तर पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी तिथं जाऊन आला असता. मला माझीच लाज वाटली. लाज वाटायला तेव्हा वेळ नव्हता हे बरं.

१०३२ ला रेंजच्या गेटवर पोहोचलो. लाल झेंडा वर होता. दुसऱ्या एका युनिटची फायरिंग चालू होती, १२०० पर्यंत. मी सुरेंद्रला सेट लावायला सांगितला आणि बजावलं, "वास्ते हा शब्द उच्चारायचा नाही. काही झालं तरी."

"रेंज कंट्रोल, लंगर बोल रहा है. फायर रोकने की दरख्वास्त. पंद्रह मिनट. ओव्हर."

"लंगर? कारण बताओ. ओव्हर."

सुरेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी सेट हातात घेतला.

"कारण सब्जी, सर. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर. मग, "दोहराओ. ओव्हर."

"सब्जी. बांबू के कोंब. हमारे शहीद जवान की माँ बैठी हैं. उनके बेटे की सब्जी है. एक बजे परोसनी है. ओव्हर."

पलीकडचा अफसर तरुण होता, आवाजावरून कळत होतं. तो म्हणाला, "रुको." आम्ही रुकलो. पाऊस भुरभुरत होता. सुरेंद्रचे ओठ हलत होते, बहुतेक हनुमानाला विनवत होता. दोन मिनिटांनी गोळ्यांचे आवाज थांबले.

"फायर बंद. राइफलें खाली. झंडा नीचे आ रहा है. पंद्रह मिनट, एक सेकंड ज़्यादा नहीं. और लंगर?"

"जी, सर."

"एक प्लेट इधर भी. आउट."

नाला गुडघाभर होता. बेटांपाशी पोहोचलो आणि मला हसूच फुटलं. ओल्या पाचोळ्यातून चहूबाजूंनी कोंब वर आले होते, एकेक वीत, हातभर, काही कमरेएवढे. सुरेंद्र सगळ्यात उंच कोंबाला मिठी मारून ओढायला लागला.

"तो बांबू झाला, त्याचा मांडव घाल. हा बघ, वीतभर. पायानं आडवा ढकल, बुडातून तुटेल. आणि तीन काढलेस की चौथा सोडायचा."

"क्यों, उस्ताद?"

"प्रकाशचा नियम आहे."

मग आम्ही कामाला लागलो. सुरेंद्रच्या हाताला कोंबाची कुसळं टोचत होती, तरी तो थांबेना. काढता काढता म्हणाला, "हमारे यहाँ कैर-सांगरी होती है, उस्ताद. माँ काँटों में हाथ डालके तोड़ती है. मैं भी कभी किसी को बताता नहीं था कि घर में वही बनती है." मी म्हणालो, "पुढच्या बडाखान्याला ती." तो चिखलात बसल्या बसल्या लहान मुलासारखा हसला. चौदाव्या मिनिटाला आम्ही गेटबाहेर होतो. दोन्ही गोण्या तोंडापर्यंत भरल्या होत्या. "बोरी तो काम आई, उस्ताद," तो म्हणाला. एवढं बोलण्याचा अधिकार त्यानं कमावला होता.

१०५८ ला लंगर. मी शिट्टी मारली आणि वीस जणांना खाली बसवलं. कुणी सालं काढायला, कुणी चिरायला. पिवळसर पांढरा गाभा तेवढा घ्यायचा, बाकी टाकायचं. पहिलं उकळणं ११३५ ला, पाणी फेकलं. दुसरं १२०५ ला, पाणी फेकलं. मी स्वतः एक काप चावून बघितला. कडूपणा गेला होता. मग मोठ्या कढईत तेल, लसूण, लाल तिखट, आणि पुढचं सगळं प्रकाशनं शिकवलं होतं तसं. १२५० ला झाकण काढलं तेव्हा वास मांडवापर्यंत गेला, आणि बाहेरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वास्ते आ गया!" मग दहा-बारा जण ओरडले. त्यात निम्म्यांनी प्रकाशला पाहिलेलंही नव्हतं.

१३०० ला बडाखाना सुरू झाला. कौसल्याबाई सीओ साहेबांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं सगळं लक्ष जवानांच्या रांगेकडे होतं. जवान मटणाच्या पातेल्याआधी कढईपाशी थांबत होते, "उस्ताद, थोड़ा और," म्हणत होते, मी डाव उगारून त्यांना पुढे ढकलत होतो. नेहमीचीच भांडणं. एक सुभेदार तर वाटी घेऊन दुसऱ्यांदा रांगेत घुसला आणि जवानांनी त्याला बाहेर काढला. बाईंच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसेना. त्यांना दाखवायला हे सगळं आधी ठरवून केलेलंही असू शकत होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मला तसंच वाटलं असतं.

मी स्वतः त्यांना वाढलं आणि मागे उभा राहिलो. त्यांनी एक काप बोटांत धरून दाबून पाहिला. घास घेतला. चावला. आणि थांबल्या. मग रस्सा बोटावर घेऊन चाखला. कपाळाला आठी पडली.

"बाबू, यात कनिक कोनं टाकली?"

"आई, रस्सा दाट करायला. कणीक भाजून घालतो आम्ही. चुकलं का?"

"कनिक कोनी टाकते का वास्त्यात? कोनं सांगतला?"

"प्रकाशनंच. त्यानं पहिल्यांदा केली तेव्हापासून. तुम्हीच फोनवर सांगितलं म्हणाला."

कौसल्याबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. सीओ साहेबही घाबरून अर्धवट उठले. पण बाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"मी कन्या म्हनली होती रे! तांदराच्या कन्या! फोनात खरखर होत होती, मी बोंबलून बोंबलून सांगून रायली, कन्या टाक, कन्या टाक. अन् यानं कनिक टाकली! बापा बापा! अन् तुमी सगळे सात साल कनिक खाऊन रायले!"

कण्या, म्हणजे तांदळाचा भरडा. सात वर्षं इतके जवान जे मागून मागून खात होते, ती मुळात एक चूक होती. मी सीओ साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. ते केरळचे, गंभीर माणूस. त्यांना आधी कळेना, मग तेही हसायला लागले, आणि हसू टेबलाटेबलावरून सगळ्या मांडवात गेलं. प्रकाश रामटेकेनं पुन्हा एकदा अख्ख्या युनिटला हसवलं.

हसू ओसरल्यावर कौसल्याबाईंनी डोळे पुसले. आवाज खाली आला.

"मंग खरंच त्यानं सगळ्यायले खाऊ घातले. लपवले नाई."

"नाही, आई. कधीच नाही."

"हे दुसऱ्या कोनाचं काम नाई. एवढं उलटं माझाच पोट्टा आयकते."

सीओ साहेब म्हणाले, "माताजी, अगले साल से सही बनाएँगे. कण्या डालेंगे."

बाईंनी मान हलवली. ताट पुढे केलं, आणखी वाढ अशी खूण केली, आणि मला म्हणाल्या, "सायबाले सांग, नाई. असेच चुकीचे करत जा."

मी त्यांना वाढलं, लंगरमध्ये गेलो आणि एका स्वच्छ पातेल्यावरून उगाच आरडाओरडा केला. मला रडू येत होतं आणि इतका आनंद झाला होता की दुसरं काय करावं ते सुचेना. सुरेंद्र रेंजवर पोहोचवायची प्लेट बांधत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चांगला जवान.

कौसल्याबाई नंतर पुन्हा येऊ शकल्या नाहीत. मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. युनिट खडकीतून दुसरीकडे गेलं, लंगर कमांडर बदलला, कूक बदलले. रेझिंग डेला मला युनिटमधून फोन येतो आणि तिथलं कळतं. नवा कूक दर वेळी तोच प्रश्न विचारतो, की भाजीत कणीक कशाला, हे बरोबर नाही. त्याला जुने जवान सांगतात, बरोबर नाहीच. हे लान्स नायक प्रकाश रामटेके याचं आहे. तो दरडीत तिसऱ्या माणसासाठी परत गेला होता. कणीक टाक.